काँक्रीटचा हिशेब कोणी मांडायचा?

पुण्यात सध्या कोणत्याही जुन्या वसाहतीत शिरलं की रस्त्याकडेला उंच पत्रे लावलेले दिसतात. त्या पत्र्यांमागे १९७० ते १९९०च्या दरम्यान बांधलेली एखादी तीन-चार मजली सोसायटी पाडली जात असते आणि तिच्या जागी दहा-बारा मजले उभे राहायचे असतात. कोथरूड, एरंडवणे, सहकारनगर, सगळीकडे हेच. शहरातल्या कित्येक आर्किटेक्ट ऑफिसांचा खर्च आज याच कामांवर निघतो. आणि त्याच ऑफिसांमधून आता एक प्रश्न विचारला जाऊ लागला आहे: आपण काढलेल्या नकाशांमुळे हवेत किती कार्बन जातो?

प्रश्न किरकोळ नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाप्रमाणे जगातल्या ऊर्जेशी आणि औद्योगिक प्रक्रियांशी संबंधित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ३७ टक्के वाटा इमारती आणि बांधकामाचा आहे. यात दोन हिस्से आहेत. एक वापराचा: दिवे, पंखे, एसी, लिफ्ट. दुसरा बांधणीचा: सिमेंट, सळई, विटा, काच, ॲल्युमिनियम तयार करण्याचा आणि साइटवर आणण्याचा. पहिला हिस्सा वर्षानुवर्षं थोडा थोडा जातो आणि पुढे कमी करता येतो. दुसरा माणसं राहायला येण्याआधीच जाऊन बसलेला असतो.

खालच्या संवादातली दोन माणसं मी रचली आहेत. एक पुण्यातल्या मध्यम आकाराच्या ऑफिसचे संस्थापक. चाळीस वर्षं साइटवर वावरलेले. त्यांना थोरले म्हणू. दुसरी त्याच ऑफिसात शिकून भागीदार झालेली; ती धाकटी. ऑफिसने कार्बन घटवायचं ठरवलं आहे, पण म्हणजे नेमकं काय, यावर दोघांचं जमत नाही. समोर एका सोसायटीच्या पुनर्विकासाचे नकाशे आहेत. माझा कल धाकटीकडे आहे, हे लपवत नाही. थोरल्यांची बाजू मात्र जितकी भक्कम आहे तितकीच मांडली आहे, कारण तिला उत्तर देता आलं नाही तर धाकटीचा आग्रह नुसती सदिच्छा ठरेल.

ऑफिसचं वीजबिल आणि नकाशातली रेघ

थोरले: ठरवलं ते आपण केलं. छतावर सोलर बसवलं, एसी २४च्या खाली न्यायचा नाही असा नियम केला, प्रिंट निम्म्यावर आणल्या. आता तू म्हणतेस, हे पुरेसं नाही.

धाकटी: सर, ते करायलाच हवं होतं. पण त्याचं माप बघा. समजा आपलं ऑफिस वर्षाला ३०,००० युनिट वीज वापरतं. आपल्या देशात ग्रिडच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड जातो. म्हणजे वर्षाला २१ टन. आता हा सोसायटीचा नकाशा घ्या. पार्किंग धरून ४,००० चौरस मीटर बांधकाम. ढोबळ हिशेबासाठी चौरस मीटरमागे बांधणीचा कार्बन ४०० किलो धरू. झाले १,६०० टन. ऑफिसच्या पाऊणशे वर्षांच्या विजेएवढा कार्बन या एका नकाशात आहे.

थोरले: ४०० का? ३०० का नाही, ५०० का नाही?

धाकटी: तेच तर मला हवंय. अभ्यासांतले आकडे इमारतीगणिक मागेपुढे होतात, म्हणून मी मधला घेतला. आपला खरा आकडा आपल्याच बीओक्यूमध्ये, म्हणजे साहित्याच्या यादीत, दडलाय. त्यात सिमेंट किती, सळई किती, ब्लॉक किती, सगळं लिहिलेलं असतं. शेजारी फक्त एक रकाना वाढवायचा. रुपयांचा रकाना आपण पैशापर्यंत भरतो. कार्बनचा रकानाच नाही.

थोरले: आणि गच्चीवर सोलर टाकणार आहोत, त्याची वजावट?

धाकटी: करू या. या गच्चीवर ३० किलोवॉट बसतील. पुण्यात एका किलोवॉटला वर्षाला साधारण १,४०० युनिट मिळतात. म्हणजे ४२,००० युनिट, सुमारे ३० टन. १,६०० टन भरून निघायला पन्नासपेक्षा जास्त वर्षं लागतील, आणि पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षांचं. शिवाय ग्रिडमध्ये सौर आणि पवन ऊर्जा वाढेल तसतशी आपल्या पॅनेलमुळे होणारी बचत आकड्यात कमी होत जाईल. आज सोडलेले १,६०० टन मात्र तेवढेच राहतील.

थोरले: सोलरला नाव ठेवू नकोस. सोसायटीचं लिफ्टचं आणि पंपाचं बिल त्यावर निघतं.

धाकटी: नाव ठेवत नाही. ते बिलासाठी बसवावं आणि वापराच्या कार्बनसाठी बसवावं. बांधणीचा कार्बन त्याच्या आडोशाला लपवू नये, एवढंच.

सिमेंटचा दोष कुठला

थोरले: बरं, सिमेंटवर ये. सिमेंट कारखाने आता भट्टीची वाया जाणारी उष्णता वापरून वीज करतात, कोळशाऐवजी कचरा जाळतात. ते सुधारतायत. त्यांचं काम आपण का अंगावर घ्यायचं?

धाकटी: कारण त्यांना इंधन बदलून सुटता येत नाही. चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत तापवली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि चुना उरतो. त्यापासून पुढे १,४५० अंशांच्या आसपास क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट होणारे खडे, तयार होतं. सिमेंटच्या एकूण कार्बनपैकी साधारण ६० टक्के या दगडातून येतो, इंधनातून नाही. भट्टी उद्या पूर्ण सौरऊर्जेवर चालवली तरी दगडातला कार्बन जाणारच. जगाच्या एकूण कार्बनमध्ये सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे, आणि सिमेंट उत्पादनात चीननंतर आपलाच नंबर. म्हणून दोनच मार्ग: सिमेंटमधलं क्लिंकर कमी करायचं आणि काँक्रीटच कमी वापरायचं. पहिलं कारखान्याच्या हातात आहे, दुसरं आपल्या.

थोरले: पहिलंही आपल्या हातात आहे, ते तुला ठाऊक नसेल. साधं ओपीसी ५३ सिमेंट लिहायचं की राख मिसळलेलं पीपीसी लिहायचं, हे आपण आणि आरसीसी कन्सल्टंट ठरवतो. पीपीसीत ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय ॲश चालते. स्लॅग सिमेंटमध्ये स्लॅग ७० टक्क्यांपर्यंत जातो. एक टन ओपीसीमागे आठ-नऊशे किलो कार्बन जात असेल, तर पीपीसीत तो सहाशेच्या आसपास येतो. मी पूर्वी पीपीसीच लिहायचो. पैसे वाचायचे म्हणून.

धाकटी: मग सोडलं का?

थोरले: वेगामुळे. पीपीसी ताकद हळू घेतं. आता मायवानच्या ॲल्युमिनियम शटरिंगवर आठ-दहा दिवसांत एक स्लॅब हवा असतो. कंत्राटदार म्हणतो, ओपीसी द्या. बिल्डरचं व्याज चालू असतं, सोसायटीच्या सभासदांचं बाहेरचं भाडं चालू असतं. एक महिना उशीर म्हणजे वीस कुटुंबांचं एक महिन्याचं भाडं. ते कार्बनच्या रकान्यात दिसत नाही.

धाकटी: स्लॅबला घाई आहे हे मान्य. पण पायाला कुठे घाई आहे? पायावर पूर्ण भार यायला वर्ष-दीड वर्ष जातं. तिथे २८ दिवसांऐवजी ५६ दिवसांची ताकद धरली, तर फ्लाय ॲश किंवा स्लॅग निर्धास्त वाढवता येईल. सगळीकडे एकच मिक्स लिहायची सवय आपली आहे, कंत्राटदाराची नाही.

थोरले: हे बरोबर बोललीस. मात्र फ्लाय ॲश येते कोळशाच्या वीजकेंद्रांतून. कोळसा कमी झाला पाहिजे असंही तूच म्हणतेस. मग ॲश कुठून आणणार?

धाकटी: म्हणून तर चिकणमातीचं सिमेंट महत्त्वाचं. स्वित्झर्लंडच्या लोझान इथल्या संस्थेने क्यूबातल्या आणि आपल्या दिल्ली-मद्रास आयआयटीतल्या संशोधकांबरोबर हे विकसित केलं. एलसी-थ्री म्हणतात त्याला. क्लिंकर निम्मं, उरलेल्या भागात भाजलेली चिकणमाती, न भाजलेली चुनखडी आणि थोडं जिप्सम. चिकणमाती आठशे अंशांच्या आसपास भाजली तरी पुरते. कार्बन ३० ते ४० टक्क्यांनी उतरतो. २०२३मध्ये भारतीय मानक ब्यूरोने त्याचं मानकही काढलं. आपल्या स्पेसिफिकेशनमध्ये ते पर्याय म्हणून लिहायला काय हरकत आहे? कुणी मागितलंच नाही, तर तयार काँक्रीट पुरवणारा आरएमसी प्लँटवाला ते ठेवील कशाला?

हिरवं मानांकन आणि वाढीव एफएसआय

थोरले: मानांकनाचा रस्ता सरळ आहे. गृह किंवा आयजीबीसी घेऊ. पाणी, सावली, वीज, कचरा, सगळं तपासलं जातं. हडपसरचं सुझलॉनचं ‘वन अर्थ’ आवार बघ. ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी आखलेलं. लीड प्लॅटिनम आणि गृहचे पाच तारे, दोन्ही मिळाले. कमी उंचीच्या इमारती, अंगणं, टेबलापर्यंत पोचणारा उजेड. मानांकनामुळे अशा कामाला पैसा उभा राहतो.

धाकटी: ‘वन अर्थ’ चांगलंच आहे, कारण आधी रचना चांगली होती. मानांकन नंतर आलं. आपल्या राज्याच्या २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीत काय आहे ते आठवा. हिरवं मानांकन मिळवलं की दर्जाप्रमाणे मूळ एफएसआयवर, म्हणजे भूखंडावर बांधायच्या परवानगीवर, ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय. म्हणजे कार्बन कमी केल्याचं बक्षीस म्हणून आणखी बांधकाम. सात टक्के जास्त बांधलं तर सात टक्के जास्त काँक्रीट.

थोरले: बिल्डरला दुसरं काय देणार? त्याला चौरस फूट कळतात. हा जादा एफएसआय नसता तर सांडपाणी शुद्धीकरण आणि सोलर त्याने कागदावरच ठेवलं असतं.

धाकटी: प्रोत्साहन देऊ नये असं मी म्हणत नाही. प्रीमियममध्ये सूट द्या, मालमत्ता करात द्या, परवानगी लवकर द्या. बक्षिसाचं चलन चौरस फूट असू नये. डेन्मार्कने २०२३पासून १,००० चौरस मीटरवरच्या नव्या इमारतींना मर्यादाच घातली: पन्नास वर्षांच्या हिशेबात, बांधणी आणि वापर दोन्ही धरून, चौरस मीटरला वर्षाला १२ किलो. पुढे ती आणखी कडक केली. तिथे तारे मोजत नाहीत, किलो मोजतात.

थोरले: डेन्मार्कची घरं बांधून झाली आहेत. आपल्याकडे अजून माणसं पत्र्याखाली राहतात. त्यांना घर हवंय. आम्ही कमी बांधू, हे वाक्य मला पुण्याच्या वस्तीत उभं राहून म्हणता येणार नाही.

धाकटी: मलाही येणार नाही. पण ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी बांधणं आणि ज्यांना आहे त्यांचं पाडून, दोन-दोन गाड्यांच्या पार्किंगसकट तिप्पट बांधणं, ही दोन कामं वेगळी आहेत. काँक्रीट वापरायचा खरा हक्क पहिल्याचा आहे. म्हणूनच दुसऱ्यात काटकसर हवी.

पाडायचं की राखायचं

थोरले: आता मूळ मुद्द्यावर येऊ. ही सोसायटी १९८४ची. तुला वाटतं, ती पाडू नये.

धाकटी: मला वाटतं, पाडायची की नाही हा प्रश्न आपण विचारलाच नाही. सोसायटीने पुनर्विकास म्हटलं आणि आपण नवा नकाशा काढायला बसलो.

थोरले: मी जाऊन आलोय. बाथरूमखालचे स्लॅब गळतात. कॉलमचं कव्हर सुटून सळई उघडी पडली आहे. काँक्रीट हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, त्याचा अल्कधर्म उतरतो आणि आतली सळई गंजते. हे वय लपत नाही. आणि दुसरी गोष्ट वयाच्याही आधीची. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. आरसीसीच्या भूकंपरोधक तपशिलांचं आयएस १३९२० हे मानक त्याच वर्षी आलं. १९८४च्या इमारतीत त्या पद्धतीच्या जवळजवळ लावलेल्या रिंगा नाहीत. तळाला मोकळं पार्किंग, वर भिंतींचे मजले. भूकंपात अशीच इमारत आधी बसते. तिथली आजी चौथ्या मजल्यावरून वर्षात चार वेळा खाली येत असेल, लिफ्ट नाही. तिला मी कोणत्या तोंडाने सांगू, की तुमचं घर राखणं पृथ्वीच्या भल्याचं आहे?

धाकटी: तुमचं म्हणणं मला पुसता येत नाही. इमारत धोकादायक असेल तर पाडायलाच हवी. पण धोकादायक आहे हे ठरलं कशावरून? सोसायटीच्या उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायचं असतं. इथलं ऑडिट पुनर्विकासाचा ठराव झाल्यावर मागवलेलं आहे. त्यात कोअर काढून तपासलेलं नाही. कॉलमना जॅकेटिंग करून, तळमजल्यावर चार भिंती घालून, बाहेरून लिफ्टचा मनोरा जोडून काय होईल, याचा एकही आकडा नाही. फ्रान्समध्ये बोर्दोला ग्राँ पार्क वसाहतीच्या १९६०च्या दशकातल्या तीन इमारती आहेत, ५३० घरं. लाकाताँ आणि वासाल यांनी इतर दोन वास्तुकारांबरोबर त्या न पाडता बाहेरून नवा सांगाडा जोडला. प्रत्येक घराला खोल, काचबंद व्हरांडा आणि गॅलरी मिळाली. लोक घरातच राहिले आणि काम झालं. त्या दोघांना २०२१चा प्रिट्झ्कर पुरस्कार मिळाला, त्यामागे न पाडण्याचा हाच आग्रह होता.

थोरले: तिथे पैसे कुणी दिले?

धाकटी: सार्वजनिक गृहनिर्माण संस्थेने.

थोरले: तिथेच सगळं आहे. आपल्याकडे पाडायला पैसा आहे, राखायला नाही. पाडलं तर वरचे मजले विकून बिल्डर सगळ्यांना नवं घर, भाडं आणि वर कॉर्पस फंड देतो. राखायचं तर प्रत्येक सभासदाने आठ-दहा लाख काढायचे. निम्मे निवृत्त. बँक डागडुजीला सोसायटीला सहज कर्ज देत नाही. तू कितीही चांगला नकाशा काढ, सर्वसाधारण सभेत तो दहा मिनिटांत पडेल.

धाकटी: पडू दे. पण सभासदांसमोर दोन पर्याय ठेवून पडू दे. आज त्यांच्यासमोर एकच असतो. आपण वास्तुकार आहोत. दुसरा पर्याय काढून दाखवणं आपलंच काम आहे. आणि पैशांचं म्हणाल, तर नियमावली जशी पाडणाऱ्याला एफएसआय देते तशी मजबुतीकरण करणाऱ्याला विकता येईल असा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधायचा हक्क, देऊ शकते. वारसा इमारती राखणाऱ्याला तो मिळतो. साध्या सोसायटीला का मिळू नये? ही मागणी बिल्डर करणार नाही. वास्तुकारांनीच करायला हवी.

थोरले: हे मात्र मागण्यासारखं आहे.

बांधायचंच ठरलं तर

धाकटी: समजा नीट ऑडिट झालं आणि पाडायचंच ठरलं. मग?

थोरले: मग ऐक, कारण इथे तुमची पिढी सॉफ्टवेअरकडे बघते आणि आम्ही नकाशाकडे. पहिलं, बेसमेंट. पुण्यात चार-सहा फुटांवर काळा पाषाण लागतो. तो ब्रेकरने फोडायचा, बाहेर नेऊन टाकायचा, मग भोवती जाड रिटेनिंग भिंती आणि खाली राफ्ट घालायचा. तेही गाड्या उभ्या करायला. एक बेसमेंट वाचवलं तर तुझ्या कार्बनच्या रकान्यात जेवढं उतरेल तेवढं इतर कशाने उतरणार नाही. दुसरं, कॉलमची रांग वरपासून खालपर्यंत सरळ ठेवायची. पार्किंगसाठी खाली कॉलम तोडले की ट्रान्सफर गर्डर येतात, मीटर-दीड मीटर खोलीचे. तिसरं, स्पॅन. बैठकीची खोली बिनकॉलमची दिसावी म्हणून सात मीटरचा स्पॅन घेतला की स्लॅब जाड होतो, तुळई जाड होते, पायाही वाढतो. साडेचार-पाच मीटरमध्ये राहिलं तर सगळंच हलकं होतं. चौथं, सळई. जालन्यात भंगार वितळवून सळई करणारे कारखाने आहेत. भंगाराच्या सळईचा कार्बन खनिजापासून केलेल्या पोलादापेक्षा पुष्कळ कमी असतो. प्रमाणपत्र मागायचं आणि लिहून घ्यायचं. हे सगळं केलं तर तुझे ४०० किलो ३००वर येतील.

धाकटी: सर, चौरस मीटरला १०० किलो म्हणजे इथे ४०० टन. गच्चीवरच्या सोलरची तेरा वर्षं. हे तुम्ही पेन्सिलीने वाचवलंत, एक रुपया जास्त न घालता.

थोरले: रुपये घालून नाही, वाचवून. काटकसरीचं बांधकाम म्हणजेच कमी कार्बनचं बांधकाम. लॉरी बेकर केरळात हेच करत राहिले. विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवायची, रॅट-ट्रॅप बाँड. एक चतुर्थांश विटा वाचतात. स्लॅबच्या खालच्या भागात ताण काँक्रीट नाही, सळई सोसते, म्हणून तिथे काँक्रीटऐवजी मंगलोरी कौलं घालायची. त्यांनी कार्बनचा शब्द न वापरता ते केलं.

धाकटी: आणि भिंती? मायवानमध्ये बाहेरची भिंतही काँक्रीटची होते. पंधरा सेंटिमीटरची ती भिंत वीस सेंटिमीटरच्या हलक्या एएसी ब्लॉकच्या भिंतीपेक्षा साधारण चौपट उष्णता आत सोडते. बांधताना कार्बन, मग आयुष्यभर एसीचा कार्बन.

थोरले: मायवानला मीही विरोध केला होता. दहा-अकरा मजल्यांना त्याची गरज नाही. साधी फ्रेम, ब्लॉकची भिंत, पश्चिमेला जिना आणि बाथरूम, खिडकीवर खरा छज्जा. आज छज्जा म्हणजे एलिव्हेशनची पट्टी झाली आहे. मुंबईत चार्ल्स कोरिआंनी १९८३मध्ये कांचनजंगाच्या प्रत्येक घराला उन्हापावसाच्या बाजूने दोन मजली उंचीचा व्हरांडा दिला. आपण बाल्कनी देतो, आणि महिनाभरात ती सरकत्या काचेने बंद होते.

धाकटी: इको-निवास संहितेत २०१८पासून भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला मर्यादा आहे, चौरस मीटरला १५ वॉट. तो हिशेब आपण मंजुरीपुरता करतो. तो पहिल्या स्केचवर केला, तर खिडक्यांची दिशाच बदलेल. पुण्यात पंख्यावर वर्षातले आठ-नऊ महिने सुखाने जातात. घर असं काढू, की एसी मे महिन्यापुरता लागेल.

मानधन आणि नकार

थोरले: आता तुझ्या शेवटच्या दोन मागण्या. एक, दरवर्षी ऑफिसच्या सगळ्या कामांचा कार्बन जाहीर करायचा. दोन, काही कामं नाकारायची.

धाकटी: पहिली नवी नाही. अमेरिकेतल्या वास्तुकारांच्या संघटनेने २००९मध्ये अशी बांधिलकी सुरू केली. सामील झालेलं ऑफिस आपल्या सगळ्या कामांचे ऊर्जेचे अंदाज दरवर्षी कळवतं. सगळ्या कामांचे, हे महत्त्वाचं. नाहीतर प्रत्येक ऑफिसकडे दाखवायला एक बांबूचं विश्रामगृह असतं आणि बाकीचे चाळीस टॉवर कपाटात.

थोरले: जाहीर करू. पण आधी एक खरी गोष्ट कबूल कर. आपलं मानधन कशावर ठरतं? प्रकल्पखर्चाच्या टक्क्यावर किंवा चौरस फुटाच्या दरावर. मी बेसमेंट वाचवलं, तर माझंच बिल कमी होतं. जो वास्तुकार कमी बांधतो तो कमी कमावतो. ही गाठ सुटल्याशिवाय बाकी सगळं भाषण आहे.

धाकटी: मग सोडवू या. या सोसायटीपासून मानधन कामाच्या टप्प्यांवर एकरकमी ठरवू. क्षेत्रफळाशी बांधायचं नाही. सुरुवातीलाच स्वतंत्र शुल्क घेऊन दोन पर्याय देऊ, राखण्याचा आणि पाडण्याचा, दोन्हींसमोर रुपये आणि कार्बन. कार्बनचा आकडा काम संपताना काढणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवणं.

थोरले: हे मान्य. नाकारण्याचं मात्र मान्य नाही. आपण नाही म्हटलं तर काम शेजारच्या ऑफिसात जाईल आणि तिथे दोन बेसमेंट होतील. आत राहून शंभर किलो उतरवणं मला जास्त मोलाचं वाटतं.

धाकटी: हा वाद मोठ्यांनाही सुटलेला नाही. २०२०च्या डिसेंबरमध्ये फॉस्टर आणि झाहा हदीद यांची ऑफिसं ब्रिटनमधल्या हवामानविषयक वास्तुकार-गटातून बाहेर पडली. विमानतळांची कामं घ्यावीत की नाही, यावरच ते बिनसलं. आत राहून सुधारू, असंच तेही म्हणत होते. माझं म्हणणं एवढंच, की जो आत राहणार असेल त्याने किती सुधारलं ते आकड्यात दाखवावं. आणि जिथे इमारत भक्कम आहे, नीट ऑडिटने तसं सांगितलंय, तरी फक्त एफएसआयसाठी पाडायची आहे, तिथे आपली सही नसावी.

थोरले: तेवढ्या एका बाबतीत मला विचार करू दे.

इथे संवाद थांबतो, वाद थांबत नाही. माझ्या मते थोरल्यांनी या लेखातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट सांगितली आहे: कार्बन वाचतो तो पॅनेलपेक्षा नकाशात, स्पॅनमध्ये, न खोदलेल्या बेसमेंटमध्ये. धाकटीने सगळ्यात गरजेची गोष्ट सांगितली आहे: हे वाचलेलं दिसलं पाहिजे, आणि बांधायचं की नाही हा प्रश्न पहिल्या बैठकीत विचारला गेला पाहिजे. एकीकडे हातातलं कसब आहे, दुसरीकडे हिशेबाचा आग्रह. एका ऑफिसात दोन्ही नांदले, तरच कार्बन घटवण्याच्या संकल्पाला अर्थ येतो.

मात्र हा हिशेब एकट्या वास्तुकारावर सोडून चालणार नाही. तुमची सोसायटी तीस-चाळीस वर्षांची झाली असेल, तर पुनर्विकासाचा विषय आज ना उद्या सर्वसाधारण सभेत येईल. तेव्हा तीन गोष्टी लेखी मागा: काँक्रीटचे नमुने तपासून केलेलं ऑडिट आणि त्यासोबत मजबुतीकरणाचा खर्च, दोन्ही पर्यायांचा चौरस मीटरमागे कार्बन, आणि प्रत्येक बेसमेंट कुणाच्या किती गाड्यांसाठी खोदायचं, याचं उत्तर. प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. आणि जी सोसायटी हे तीन कागद मागते, तिच्या वास्तुकाराला ते तयार करावेच लागतात.